दौंड–मनमाड आणि नगर–बीड : लोहमार्गाचा पूर्वार्ध व उत्तरार्ध

संगणकावर आगगाड्यांचे साम्राज्य उभारण्याचा खेळ १९९० साली सिड मायर यांच्या 'रेलरोड टायकून'ने लोकप्रिय केला; त्याचा दुसरा भाग १९९८ मध्ये आणि तिसरा २००३ मध्ये निघाला, आणि त्याच वंशातील 'रेल्वे एम्पायर' या खेळाचा पहिला भाग २०१८ मध्ये व दुसरा २०२३ मध्ये बाजारात आला. असा प्रत्येक नवा भाग प्रसिद्ध झाला, की त्याच्या उपासकांमध्ये एक वाद हटकून उपस्थित होतो, आणि तो म्हणजे, हा उत्तरार्ध आपल्या पूर्वार्धाच्या तोलाचा उतरला आहे किंवा नाही. नकाशा विस्तीर्ण झाला असेल, चित्रे अधिक रेखीव झाली असतील, इंजिनांच्या जाती वाढल्या असतील. परंतु कर्जरोखे काढून, भूमी संपादून, पूल बांधून दोन दूरस्थ नगरे जोडण्यात जो मूळचा थरार होता तो या नव्या वैभवात टिकला की विरला, एवढाच त्या वादाचा मथितार्थ असतो. वाद निरुपद्रवी आहे, आणि खेळापुरता तो कसाही सुटला तरी कोणाचे काही बिघडत नाही. परंतु खऱ्याखुऱ्या भूमीवर, खऱ्या माणसांच्या श्रमाने आणि खऱ्या खजिन्यातून जे लोहमार्ग निर्माण होतात, त्यांनाही हाच प्रश्न विचारता येतो. आणि पूर्वीचा अहमदनगर व २०२४ पासूनचा अहिल्यानगर जिल्हा या प्रश्नाचा विचार करण्यास विशेष अनुकूल आहे, कारण दौंड ते मनमाड हा १८७८ चा लोहमार्ग आणि नगर ते बीड–परळी हा एकोणीसशे पंच्याण्णवच्या सुमारास मंजूर झालेला लोहमार्ग अशी पूर्वार्ध-उत्तरार्धाची जोडी त्याच्या उदरात नांदत आहे.

पहिल्या मार्गाचे प्रयोजन समजण्यासाठी सह्याद्रीकडे दृष्टी वळविली पाहिजे. १८५३ च्या १६ एप्रिलला बोरीबंदराहून ठाण्यास गेलेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीची गाडी पुढे कल्याणपाशी दोन दिशांना फुटली. एक फाटा बोरघाट चढून पुणे, दौंड व सोलापूरच्या रोखाने मद्रासकडे निघाला, तर दुसरा थळघाट चढून नाशिक, मनमाड व भुसावळच्या वाटेने मध्य हिंदुस्थानाकडे वळला. बोरघाटाचे अवघड काम १८६३ मध्ये आणि थळघाटाचे १८६५ मध्ये पुरे झाले. या दोन भुजांच्या मध्ये जो विस्तीर्ण पठारी मुलूख अस्पृष्ट राहिला, त्यातच बहुतांशी नगर जिल्हा मोडत होता. उत्तरेकडचा माल दक्षिणेस न्यावयाचा, तर तो मनमाडहून थळघाट उतरून कल्याणास आणावा आणि तेथून पुन्हा बोरघाट चढवून दौंडास न्यावा, असा द्राविडी प्राणायाम करण्यावाचून गत्यंतर नव्हते. दोन भुजा वरच्या अंगाने जोडणारा एक मार्ग झाला, तर दोन्ही घाट टळतात, सैन्य व रसद मुंबईस वळसा न घालता हलविता येते, आणि नगरची छावणी देशाच्या लोहमार्गजालात सामावते, हा सरकारदरबारचा हिशेब सरळ होता. या हिशेबात नगरच्या रयतेचे स्थान गौण होते, ही गोष्ट आरंभीच ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

त्या रयतेची अवस्था त्या काळी कशी होती? उत्तर हिंदुस्थान आणि कोकणपट्टीची बंदरे यांच्यामधील मोठा व्यापार या जिल्ह्यावरून वंजाऱ्यांच्या तांड्यांनी चालत असे. शेकडो बैलांच्या पाठीवर गोण्या लादून हे तांडे पठार ओलांडीत, आणि पक्क्या सडका झाल्यावर त्यांच्या जोडीस गाड्यावाल्यांचा धंदा उभा राहिला. शेती मात्र पावसाच्या मर्जीवर होती. रोखीने भरावयाचा महसूल, पडलेले भाव आणि सावकाराचे चढते व्याज यांच्या कात्रीत सापडलेल्या कुणब्याचा संयम १८७५ च्या मे महिन्यात सुटला. पुणे जिल्ह्यातील सुपे येथे पेटलेला दंगा नगर जिल्ह्यातही पसरला, आणि गावोगाव सावकारांची खतपत्रे हिसकावून त्यांची होळी करण्यात आली. सरकारने चौकशी-आयोग नेमला. त्याच्या शिफारशींचे पर्यवसान १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्यात झाले. पण तो कायदा होण्यापूर्वीच १८७६ चा पाऊस गेला, आणि दख्खनवर त्या शतकातील अत्यंत भीषण दुष्काळांपैकी एक कोसळला.

दौंड–मनमाड मार्गाचे मातीकाम हे या दुष्काळाचे अपत्य आहे. उपाशी माणसांना फुकट अन्न न देता कामावर लावावे, आणि त्या कामातून राज्याला उपयोगी अशी एखादी स्थावर वस्तू उत्पन्न व्हावी, या धोरणाने मुंबई सरकारने रस्ते, तलाव आणि हा लोहमार्ग दुष्काळी कामांच्या यादीत घातला. ज्यांच्या शेतातून रूळ जाणार होते, त्यांनीच, आणि त्यांच्या बायकापोरांनी, टोपल्यांनी माती वाहून भराव रचले. १८७७ च्या आरंभी हिंदुस्थान सरकारने दुष्काळी खर्चावर देखरेख करण्यासाठी सर रिचर्ड टेंपल यांना धाडले, आणि त्यांच्या काटकसरीच्या आग्रहातून मजुरीचा तो कुप्रसिद्ध दर निघाला, ज्यात धडधाकट पुरुषास दिवसाकाठी एक पौंड धान्याची किंमत आणि वर थोडी चिल्लर मिळावयाची होती. दिवसभर माती खणणाऱ्या देहाला एवढ्या अन्नावर तग धरणे अशक्य होते. दख्खनमधील हजारो मजुरांनी त्या दराचा निषेध म्हणून सरकारी कामे सोडली. आणि गणेश वासुदेव जोशी ज्या पुण्याच्या सार्वजनिक सभेचे प्राण होते, त्या सभेने अर्जांमागून अर्ज पाठवून सरकारला रयतेची कैफियत ऐकविली. तेच टेंपल त्याच वर्षी मुंबईचे गव्हर्नर झाले.

येथे संगणकी खेळाची पुन्हा आठवण होते, आणि ती निव्वळ कौतुकाची नाही. 'रेलरोड टायकून'च्या तिसऱ्या भागात एक चतुर योजना आहे: माल आपोआप कमी भावाच्या ठिकाणाहून अधिक भावाच्या ठिकाणाकडे सरकत राहतो, आणि खेळणाऱ्याने त्या प्रवाहाला रूळ तेवढे पुरवावयाचे असतात. १८७७ च्या मुंबई सरकारची श्रद्धा नेमकी हीच होती. सरकारने धान्य खरेदी करून व्यापारात हात घालू नये. भाव चढले की खाजगी व्यापारी आपणहून धान्य आणतील. आपण मजुरी रोख द्यावी आणि बाजाराने पोट भरावे, अशी ती विचारसरणी होती. धान्य भावाच्या मागे जाते हे खरेच. परंतु भाव देण्याची ऐपत असलेल्या माणसाच्या मागे ते जाते, हे त्या सिद्धान्ताच्या तळटीपेतही नव्हते. ज्याच्या कनवटीस दोन पैसे नाहीत, त्याची भूक बाजाराच्या गणितात मागणी म्हणून नोंदलीच जात नाही. लोहमार्ग खेळात बांधा वा दख्खनमध्ये, हा दोष रुळांनी दूर होत नाही. नगर जिल्ह्याची लोकसंख्या १८७२ च्या मानाने १८८१ च्या खानेसुमारीत घटलेली आढळली, ही त्या तत्त्वज्ञानाची सरकारी दफ्तरातच लिहिली गेलेली साक्ष होय.

१८७८ मध्ये मार्ग वाहतुकीस खुला झाला. सुमारे २३५ किलोमीटरांचा हा मार्ग दौंडाहून निघताच भीमा ओलांडतो, श्रीगोंद्याच्या माळरानातून विसापूर, सारोळा, अकोळनेर करीत नगरास येतो, विळदाचा घाट उतरून वांबोरीवरून राहुरीस जातो, आणि मुळा, प्रवरा व गोदावरी या तीन नद्या पार करून कोपरगाव, येवले या वाटेने मनमाडास पोहोचतो. आरंभी तो सरकारच्या मालकीचा 'दौंड–मनमाड स्टेट रेल्वे' म्हणून ओळखला जाई; १८८१ पासून त्याचे चालन ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीकडे गेले. दुष्काळात काम काढले आणि दुष्काळ ओसरतो न ओसरतो तोच गाडी धावू लागली, ही त्वरा आजच्या वाचकाला थक्क करील. परंतु जमीनधारकास विचारावयाचे नाही, मजुरास जगण्यापुरतीही मजुरी द्यावयाची नाही, आणि कोणत्याही विधिमंडळास उत्तर द्यावयाचे नाही, अशा तिहेरी सवलतीने ती साधलेली होती.

मार्ग झाल्यानंतर जिल्ह्याचे काय झाले? पहिला परिणाम म्हणजे वंजाऱ्यांचे तांडे जवळजवळ नामशेष झाले, आणि लांब पल्ल्याच्या गाड्यावाल्यांचा धंदा बसला. १८८० च्या दुष्काळ-आयोगाने लोहमार्गांचा विस्तार हाच दुष्काळावरील मोठा उपाय ठरवून पाच हजार मैलांचे मार्ग तातडीने बांधावेत अशी शिफारस केली. त्यानंतर १८९६ चा आणि १८९९ चा असे आणखी दोन मोठे दुष्काळ नगरवर आले. या वेळी धान्य स्टेशनात उतरत होते, गावोगावचे भाव पूर्वीसारखे भिन्न राहिले नव्हते, परंतु ते धान्य घेण्यासाठी लागणारा पैसा गाडीतून उतरत नव्हता, आणि खडी फोडण्याची कामे पुन्हा काढावी लागली. समृद्धी रुळांमागून आपोआप येत नाही, हे नगरइतके स्पष्ट इतरत्र क्वचितच दिसेल.

ती आली, पण रुळांना पाण्याची साथ मिळाल्यावर. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात गोदावरीचे कालवे वाहू लागले. १९२६ मध्ये भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले आणि प्रवरेचे कालवे उत्तर नगरात बारमाही झाले. त्याच सुमारास बेलापूर कंपनीने हरेगाव येथे साखर कारखाना काढला, आणि पुढे टिळकनगर, साकरवाडी, चांगदेवनगर अशी खाजगी कारखान्यांची माळ लोहमार्गाच्या आजूबाजूस गुंफली गेली. बेलापूर रोड नावाच्या स्टेशनाभोवती गाळ्यांची, अडतींची आणि गुऱ्हाळांची जी वस्ती जमली, तिचे श्रीरामपूर नावाचे शहर झाले. स्टेशनाच्या पाटीवर मात्र बेलापूर हेच नाव राहिले. १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाने लोणीस सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हा ऊस पिकविणारा शेतकरी प्रथमच कारखान्याचा मालक झाला. ज्या भरावासाठी त्याच्या आजोबाने पौंडभर धान्याच्या किमतीवर माती वाहिली, त्याच भरावावरून नातवाच्या साखरेची पोती देशभर गेली. परंतु हा न्याय मिळण्यास सत्तर वर्षे लागली, आणि त्यात लोहमार्गाचा वाटा जेवढा, त्याहून कालव्याचा व सहकाराचा मोठा होता.

या मार्गाने जिल्ह्याला आणखीही काही दिले, जे कोणत्याही आराखड्यात नव्हते. शिर्डीस साईबाबांच्या दर्शनाला येणारा मुंबईकर मनमाडला गाडी बदलून कोपरगावी उतरे आणि तेथून टांगा करी. शिर्डीचा लौकिक देशभर पसरण्यात त्या स्टेशनाचा हातभार होताच. पुढे पुणतांब्याहून शिर्डीस छोटा फाटा निघून २००९ मध्ये गाडी थेट साईनगरास जाऊ लागली. आणि १९४२ च्या ९ ऑगस्टला मुंबईत पकडलेल्या काँग्रेस पुढाऱ्यांना घेऊन एक खास गाडी निघाली, तेव्हा महात्मा गांधींना वाटेत चिंचवडास उतरवून ती नेहरू, पटेल, आझाद प्रभृतींना घेऊन याच मार्गाने नगरला आली. राज्यकर्त्यांनी आपल्या सोयीसाठी बांधलेल्या मार्गाचा राज्यकर्त्यांनी केलेला तो बहुधा सर्वांत प्रसिद्ध उपयोग होय, आणि नगरच्या किल्ल्यातील त्या बंदिवासात नेहरूंनी लिहिलेला ग्रंथ आज त्या राज्यकर्त्यांपेक्षा अधिक वाचला जातो.

आता उत्तरार्धाकडे वळू. नगरच्या पूर्वेस निजामाची हद्द लागे. खालसा मुलूख संपून मोगलाई सुरू होई, आणि इंग्रजी रूळ त्या हद्दीपाशी थबकत. निजामाच्या राज्यात मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी या वाटेने सिकंदराबादेस जाणारा गोदावरी खोऱ्याचा मीटरगेज मार्ग १९०० च्या सुमारास झाला. दक्षिणेच्या अंगाने बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी १९११ पर्यंत लातुरास पोहोचली. या दोहोंच्या मध्ये बीड राहिले. म्हणजे १८६५ मध्ये दोन घाटांच्या दोन भुजांमध्ये नगरची जी स्थिती होती, तीच अर्धशतकानंतर बीडची झाली. भेद इतकाच, की नगरसाठी ती स्थिती तेरा वर्षांत संपली आणि बीडसाठी ती शंभरांहून अधिक वर्षे टिकली. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिकात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. हद्द गेली, पण रूळ आले नाहीत. बीडचा ऊसतोड मजूर दरवर्षी कोयता घेऊन ट्रकातून, ट्रॅक्टरातून पश्चिमेकडच्या कारखान्यांकडे जात राहिला, आणि त्यातले कित्येक कारखाने नगरचेच होते.

केशरबाई क्षीरसागर आणि गोपीनाथ मुंडे यांच्यासारख्या प्रतिनिधींनी आणि बीडच्या आंदोलकांनी ही मागणी जिवंत ठेवली. नगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरांचा मार्ग एकोणीसशे पंच्याण्णवच्या सुमारास मंजूर झाला, तेव्हा त्याचा अंदाजी खर्च साडेतीनशे कोटी रुपयांच्या आसपास होता. पुढे तो चार हजार आठशे कोटींच्या वर गेला. मंजुरी होती, पण वार्षिक अर्थसंकल्पातून मिळणारी रक्कम इतकी तुटपुंजी असे, की कामाचा अर्थ कित्येक वर्षे केवळ कामाची नोंद एवढाच राहिला. राज्य सरकारने निम्मा खर्च उचलण्याचे मान्य केल्यानंतरच त्यास गती आली. २०१७ मध्ये नगर ते नारायणडोह हा पहिला लहानसा टप्पा तयार झाला. २०२२ च्या २३ सप्टेंबरला आष्टीपर्यंतच्या ६६ किलोमीटरांवर प्रवासी गाडी सुरू झाली. आणि २०२५ च्या १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, गाडी बीडला पोहोचली. बीड ते परळी हा टप्पा अद्याप शिल्लक आहे.

तुलना करावयाची झाल्यास ती प्रामाणिक करावी. त्वरेच्या कसोटीवर उत्तरार्ध पूर्वार्धापुढे उभाही राहू शकत नाही. एकाने दुष्काळाच्या धामधुमीत अवघा पल्ला गाठला. दुसऱ्याने एका पिढीच्या आयुष्यात निम्म्याहून अधिक पल्ला गाठला. परंतु त्वरेचे कारण तपासल्यावाचून तिचे कौतुक करणे हे टेंपलच्या जमाखर्चाला प्रमाण मानण्यासारखे आहे. दुसऱ्या मार्गासाठी जमीन घेतली ती मोबदला देऊन. भराव रचले ते यंत्रांनी. आणि दरम्यानच्या काळात १९७२ चा दुष्काळ येऊन गेला होता, त्यातून वि. स. पागे यांची रोजगार हमीची कल्पना आकारास आली होती, आणि टेंपलच्या दरानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९७७ मध्ये, काम मागणाऱ्यास काम देणे हे महाराष्ट्रात कायद्याने राज्याचे कर्तव्य ठरले होते. ही प्रगती रुळांच्या लांबीत मोजता येत नाही. मात्र विलंबाचे सगळेच खापर न्यायाच्या माथी फोडणेही लबाडीचे होईल. मोबदल्याला जेवढा वेळ लागला, त्याहून अधिक वेळ अपुऱ्या तरतुदीत, फुगत्या अंदाजपत्रकात आणि सरकारी अनास्थेत गेला.

प्रयोजनाच्या कसोटीवर मात्र पारडे फिरते. पहिला मार्ग नगरमधून गेला, तो नगरसाठी गेला नाही. जिल्ह्याचे हित त्यात प्रसंगोपात्त साधले. दुसरा मार्ग ज्यांनी मागितला, त्यांच्याचसाठी तो आहे. परंतु याच गुणात त्याची दुर्बलता दडलेली आहे. पहिल्या मार्गाला दोन्ही टोकांना मोठे प्रवाह होते, म्हणून पहिल्या दिवसापासून त्याला भार मिळाला. दुसरा परळीस पोहोचेपर्यंत एका टोकाला बंद आहे, आणि मोजक्या प्रवासी फेऱ्यांवर त्याला दिवस काढावे लागत आहेत. परळीस तो मिळाला, म्हणजे तेथून परभणीकडे व विकाराबादकडे जाणारे मार्ग त्यास जोडले जातील, आणि मराठवाड्याला मुंबई-पुण्याकडे जाणारी एक जवळची वाट मिळेल. तेव्हाच तो पूर्वार्धासारखा खरा जोडमार्ग ठरेल. दरम्यान पूर्वार्धही स्वस्थ बसलेला नाही. त्याचे विद्युतीकरण झाले असून दुहेरीकरणाचे काम टप्प्याटप्प्याने पुढे सरकत आहे. संगमनेर आणि अकोले ही पश्चिमेची तालुक्याची ठिकाणे मात्र अजूनही रुळांवाचून आहेत, आणि नाशिक–पुणे मार्गाच्या आखणीवर त्यांचे लक्ष लागलेले आहे.

तेव्हा या जोडीविषयीचा माझा अभिप्राय असा, की बांधणीची हिंमत व वेग यांत उत्तरार्ध पूर्वार्धाच्या तोलाचा नाही, आणि माणुसकीत पूर्वार्ध उत्तरार्धाच्या पासंगासही पुरत नाही. नगरच्या पूर्वानुभवावरून बीडकरांनी दोन गोष्टी पदरात पाडून घ्याव्यात. परळीपर्यंतचे काम अर्धवट राहू देऊ नये, आणि गाडी आली म्हणजे भाग्य आले असे मानू नये. नगरचा लोहमार्ग पाण्याची आणि शेतकऱ्याच्या स्वतःच्या संस्थांची जोड मिळेपर्यंत सात दशके नुसताच धावत होता. स्टेशनावर मालधक्का, मालधक्क्याशेजारी गोदाम आणि गोदामात शेतकऱ्याच्या मालकीचा माल, एवढे जेव्हा बीडला होईल, तेव्हा हा दुसरा भाग पहिल्याहून सरस ठरला असे निःशंक म्हणता येईल. आज तसे म्हणता येत नाही.